मशीन आमच्याकडे तारण आहेत, मग ते तारण रद्द करणारा ट्रस्टी कोण?

पत्र थोडक्यात असं. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

न्यू जर्सीतल्या एका वाचक ताईंनी आणि त्यांच्या मिस्टरांनी २०२३ मध्ये कॉलेजपासूनच्या मैत्रिणीला रेस्टॉरंटसाठी ८५,००० डॉलर्स कर्जाऊ दिले. नुसत्या शब्दावर नाही, रीतसर करार केला, किचनमधली सगळी मशिनरी आणि डिलिव्हरीची व्हॅन तारण लिहून घेतली, मैत्रिणीच्या नवऱ्याने वैयक्तिक हमीवर सही केली, आणि तारणाची जाहीर नोंद करायचा यूसीसी-१ नावाचा फॉर्म राज्याच्या वेबसाइटवर स्वतः भरून नोंदही केली. गेल्या उन्हाळ्यापर्यंत हप्ते येत होते, मग रखडले, डिसेंबरात दोन हप्ते मिळून ३,८०० आले आणि जानेवारीत रेस्टॉरंटच्या एलएलसीने (ज्या कंपनीच्या नावावर रेस्टॉरंट होतं तिने) चॅप्टर ७ ची, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायची, दिवाळखोरी फाइल केली. आता ट्रस्टीकडून, म्हणजे ती मालमत्ता विकून घेणेकऱ्यांत वाटायला नेमलेल्या माणसाकडून, समन्स आलंय की नोंदीत कंपनीचं नाव चुकलंय, सबब तुमचं तारण रद्द करावं. चूक अशी की फॉर्मवर त्यांनी रेस्टॉरंटच्या पाटीवरचं नाव लिहिलं आणि एलएलसीचं कागदोपत्री नाव पूर्ण वेगळं आहे. ताई लिहितात, "मैत्रिणीने मीटिंगमध्ये ट्रस्टीला स्वतःच्या तोंडाने सांगितलं की मशीन यांच्याकडे तारण आहेत. सगळ्यांना माहीत आहे. मग एका नावावरून आमचा हक्क जातो कसा? भारतात असलं काही चाललं नसतं." मैत्रीण म्हणते रात्री येऊन मशीन घेऊन जा, मिस्टर म्हणतात बरोबर नावाने नवीन फॉर्म भरून टाकू, मुलगी म्हणते सोडून द्या. करायचं काय?

ताई,

आधी दोन गोष्टी सांगते, बाकीचं सावकाश वाचा. रात्री जाऊन मशीन आणू नका. आणि नवीन फॉर्म भरू नका.

दिवाळखोरी फाइल झाली त्या क्षणापासून कोर्टाची आपोआप स्थगिती लागू होते, त्यासाठी कोणा जजने वेगळी ऑर्डर काढावी लागत नाही. मशीन आता ना तुमच्या मैत्रिणीची आहेत ना तिच्या नवऱ्याची, ती दिवाळखोरीच्या मालमत्तेत गेली आणि तिचा ताबा ट्रस्टीकडे. मैत्रीण घेऊन जा म्हणतेय ते प्रेमापोटी म्हणतेय, मला कळतंय, पण देण्याचा अधिकारच तिच्याकडे उरलेला नाही. तुम्ही नेली तर परत द्यावी लागतीलच, वर कोर्ट दंड लावू शकतं, आणि तिच्यावर माल लपवल्याचा ठपका येईल तो वेगळाच. नव्या फॉर्मचंही तेच. फाइल झाल्यानंतर तारणाची नवी नोंद करणं हाच स्थगितीचा भंग, आणि शिवाय उपयोग शून्य, कारण कायदा चित्र बघतो ते दिवाळखोरी फाइल झाली त्या क्षणाचं, नंतर केलेली दुरुस्ती त्या चित्रात येत नाही.

तिसरी गोष्ट तारखेची. समन्सला उत्तर द्यायची मुदत साधारण ३० दिवस असते आणि ती मोजायची समन्स निघालं त्या तारखेपासून, तुमच्या टपालपेटीत पडलं त्या तारखेपासून नाही. लिफाफा न उघडता चार दिवस टेबलावर ठेवला तर ते चार दिवस तुमचेच गेले. उत्तर दिलं नाही तर ट्रस्टी तुमच्याशिवाय निकाल मागून घेईल. मुलगी म्हणते तसं सोडून द्यायचं असलं तरी ते ठरवून सोडा, मुदत उलटली म्हणून नको.

मी वकील नाही. गेली सतरा वर्षं इथे एका दिवाळखोरीच्या वकिलांच्या ऑफिसात पॅरालीगल आहे, आणि असली नावं कॉम्प्युटरमध्ये टाइप करून शोधणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे जे सांगतेय ते कामातून कळलेलं आहे, तुमचे कागद बघून वकील जे सांगेल ते यापेक्षा वरचं धरा.

आता तुमचा खरा प्रश्न, हा ट्रस्टी कोण. तुमच्या पत्रात राग आहे आणि तो मला खोटा वाटत नाही, पण मला वाटतं तो राग चुकीच्या जागी चाललाय. तुम्ही धरून चालला आहात की नोंद ही तुमच्या आणि मैत्रिणीमधली गोष्ट आहे. तसं नाहीये हो. तुमच्या दोघींमध्ये करार पहिल्या दिवसापासून पक्का होता आणि त्याला कोणत्याही वेबसाइटची गरज नव्हती, दिवाळखोरी झाली नसती आणि मध्ये दुसरं कोणी आलं नसतं तर नाव चुकलेलं असूनही तुम्ही तिच्याकडून मशीन घेऊ शकला असता. नोंद असते ती तिसऱ्यासाठी. जो तुम्हाला ओळखत नाही, तुमच्या घरच्या गणपतीला येत नाही, ज्याला तुमच्या मैत्रीची काहीच कल्पना नाही, त्याच्यासाठी.

गावाकडची जमीन आठवा. कोणी एकर-दोन एकर घ्यायला निघालं की घरातलं जाणतं माणूस पहिलं काय म्हणतं? सातबारा आण आणि इतर हक्कात बघ बोजा आहे का. सोसायटीचं, बँकेचं कर्ज तिथे चढलेलं असतं. मालक गोड बोलतो का, शेजारी काय म्हणतात हे नंतर. समजा एखाद्याने कर्ज दिलं, करारही केला, पण बोजा चढवला भलत्याच गटाच्या उताऱ्यावर. घेणारा माणूस बरोबर उतारा काढतो, कोरा दिसतो, तो पैसे मोजतो. आता त्याला सांगायचं का की अहो आख्ख्या गावाला माहीत होतं? अमेरिकेत मशिनरी, माल, येणी असल्या गोष्टींसाठी यूसीसीची नोंद म्हणजे तो इतर हक्कांचा रकाना. तुम्ही बोजा चढवला, पण दुसऱ्याच नावाच्या उताऱ्यावर.

आणि ट्रस्टी म्हणजे तो उतारा काढून बघणारा परका माणूस. अक्षरशः. दिवाळखोरी कायद्याचं कलम ५४४ म्हणतं की फाइल झाली त्या क्षणी ट्रस्टीला असं समजायचं जणू त्याने या कंपनीला उधार दिलंय आणि कोर्टातून जप्ती मिळवून सगळ्या मालावर हक्क बसवलाय. असा माणूस प्रत्यक्षात नसतो, कायदा तो उभा करतो. यूसीसीचा नियम असा की ज्याची नोंद नीट नाही तो अशा जप्तीवाल्याच्या मागे, म्हणून ट्रस्टी तुमच्या पुढे. (घरा-जमिनीच्या बाबतीत तो जप्तीवाल्याऐवजी प्रामाणिक खरेदीदाराच्या जागी उभा राहतो, तत्त्व तेच.) आणि त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय की ट्रस्टीला किंवा कोणा घेणेकऱ्याला प्रत्यक्षात काय माहीत होतं याचा विचार करायचा नाही. त्यामुळे मैत्रिणीने मीटिंगमध्ये सांगितलं ते तिच्या प्रामाणिकपणाचं लक्षण आहे, मला ते वाचून बरं वाटलं, पण तुमच्या तारणाला त्याने बळ मिळत नाही.

हा अधिकार पहिल्यापासून नव्हता. १९०६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टासमोर ओहायोतलं एक प्रकरण आलं, यॉर्क मॅन्युफॅक्चरिंग विरुद्ध कॅसेल. मशीन विकणाऱ्याने आपला हक्क राखून मशीन दिलं होतं आणि नोंद केली नव्हती, म्हणजे तुमच्याच जातकुळीतली गोष्ट. कोर्ट म्हणालं, ट्रस्टी हा दिवाळखोराच्याच जागी उभा असतो, दिवाळखोराला हा करार बंधनकारक होता तर ट्रस्टीलाही आहे. विकणारा जिंकला. पण मग नोंदीच्या कायद्याला अर्थ काय राहिला? ज्यांनी रजिस्टर बघून उधार दिलं त्यांच्या पुढे लपलेला हक्क येऊन बसणार असेल तर रजिस्टर बघायचंच कशाला? चार वर्षांनी, १९१० मध्ये, काँग्रेसने (इथल्या संसदेने) कायदा बदलला आणि ट्रस्टीला हा जोर दिला. इथले वकील त्याला 'स्ट्राँग आर्म' म्हणतात. म्हणजे तुमच्यासारख्यांना पकडायला कोणीतरी पळवाट शोधलीय असं नाही, शंभर वर्षांपूर्वी नेमका हाच वाद झाला आणि लोकांनी विचार करून बाजू निवडली.

"भारतात चाललं नसतं" हे मात्र बरोबर नाही. तिकडे २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम ७७ आहे. कंपनीच्या मालमत्तेवर बोजा ठेवला की ३० दिवसांत रजिस्ट्रारकडे नोंद करायची असते, मुदतवाढीची सोय आहे, पण नोंदच झाली नाही तर कंपनी बुडाल्यावर लिक्विडेटर तो बोजा विचारातच घेत नाही. कर्ज राहतं, तारण जातं. हुबेहूब हेच.

तुम्ही लिहिता, "त्या ट्रस्टीला काय, फुकट पैसे." त्याचा हिशेब सांगते कारण तो फार लोकांना माहीत नसतो. चॅप्टर ७ च्या ट्रस्टीची फी कायद्याने बांधलेली आहे, तो जे वाटतो त्यावर पहिल्या ५,००० ला जास्तीत जास्त २५ टक्के, पुढच्या ४५,००० ला १० टक्के, मग ५ टक्के, दहा लाखांच्या वर ३. समजा मशीन ३०,००० ला गेली आणि ते सगळे वाटले गेले तर त्याचे फार तर ३,७५०. उरलेलं कोणाला? कामाचे खर्च वजा करून आधी थकलेले पगार, शेवटच्या १८० दिवसांतले, माणशी १७,१५० डॉलर्सपर्यंत. मग टॅक्स. मग बाकी सगळे, म्हणजे भाजीवाला, लिनन सर्व्हिसवाला, जागेचा मालक, आणि तुम्ही. तुमच्या मैत्रिणीकडे भांडी घासणारा जो मुलगा होता त्याचा शेवटचा पगार राहिला असेल तर तो बहुतेक या मशीनच्या पैशातून निघेल. हे मी तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून नाही लिहीत, ट्रस्टी कोणासाठी भांडतोय ते दिसावं म्हणून लिहिते. तो त्या सगळ्या परक्यांच्या वतीने उभा आहे ज्यांच्याकडे करार पण नव्हता.

आणि चुकलं म्हणून तुम्ही मूर्ख ठरत नाही, हेही तितकंच खरं. तुमच्यापेक्षा मोठे चुकलेत. फ्लोरिडात एका कंपनीच्या नावात 'बुलेव्हार्ड' हा आख्खा शब्द होता, बँकेने नोंदीत तो आखूड करून नुसता 'ब्लव्हड' लिहिला, बाकी नाव अक्षरन्‌अक्षर बरोबर. २०२२ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही नोंद दिशाभूल करणारी. कॅन्ससमध्ये एका शेतकऱ्याला सगळे टेरी म्हणायचे, ट्रॅक्टर कंपनीने टेरी लिहिलं, कायदेशीर नाव टेरन्स, २००४ मध्ये कंपनी हरली. आणि सगळ्यात मोठं जनरल मोटर्सचं. २००८ मध्ये त्यांनी साधारण ३० कोटी डॉलर्सचं एक वेगळं कर्ज फेडलं, त्याच्या नोंदी काढून टाकायच्या यादीत चुकून एक भलतीच नोंद आली, ती निघाली जेपी मॉर्गन चेसच्या १५० कोटी डॉलर्सच्या कर्जाची मुख्य नोंद. ते कागद दोन्ही बाजूंच्या वकिलांच्या हातून गेले आणि कोणाच्याच लक्षात आलं नाही. जून २००९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर लक्षात आलं. बँक म्हणाली आमचा तसा हेतू नव्हता, आणि ते खरंच होतं, पण २०१५ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की हेतू नसेल, तो कागद दाखल करायला परवानगी तर दिली होती ना, मग नोंद गेली. दीडशे कोटी! तेव्हा "एवढ्याशा नावावरून" हा मुद्दा घेऊन कोर्टात जाल तर फार आशा ठेवू नका.

पण आशा जिथे आहे तिथे बघूच.

पहिलं काम आजच करा, त्याला वकील लागत नाही. राज्याच्या यूसीसी सर्चमध्ये एलएलसीचं अचूक कागदोपत्री नाव टाका, स्थापनेच्या कागदावर आहे तसं, स्वल्पविरामासकट, आणि बघा तुमची नोंद येते का. नियम असा आहे की बरोबर नाव टाकून त्या ऑफिसच्या नेहमीच्या सर्चमध्ये तुमची चुकीच्या नावाची नोंद सापडत असेल तर चूक माफ. नावं पूर्ण वेगळी आहेत म्हणता म्हणजे बहुतेक येणार नाही, पण मी स्वतः दोनदा असं बघितलंय की क्लायंट रडवेला झालेला आणि नोंद सापडली, कारण फॉर्मवर दुसऱ्या ओळीत 'आणखी एक कर्जदार' म्हणून बरोबर नाव पण टाकलेलं होतं आणि तो स्वतःच विसरला होता. सर्चचा निकाल तारखेसकट प्रिंट करून ठेवा. त्याच यादीत अजून कोणाची नोंद आहे का तेही बघा, रेस्टॉरंटवाले अडचणीत आले की रोजच्या विक्रीवर पैसे देणाऱ्यांकडून उचल घेतात आणि ते लोक नाव बरोबर टाकतात. असा कोणी निघाला तर तो दिवाळखोरी नसती तरी तुमच्या पुढेच होता, मग ट्रस्टीशी भांडून तुमच्या हाती काय लागणार हा वेगळाच हिशेब होतो.

मग व्हॅन. हे पत्रात तुम्ही एका वाक्यात उरकलंय आणि मला तेच महत्त्वाचं वाटलं. गाडीवरचं तारण यूसीसी-१ वर नोंदवायचं नसतंच, ते गाडीच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, चढवतात, तिकडे आरसी बुकवर हायपोथिकेशन चढतं ना, तसंच. टायटलवर लीनहोल्डर (तारण ठेवून घेणारा) म्हणून तुमचं नाव आहे का? असेल तर रेस्टॉरंटचं नाव फॉर्मवर चुकलं काय न चुकलं काय, व्हॅनवरचा हक्क त्याने जात नाही. ट्रस्टीच्या दाव्यात व्हॅन पण ओढलेली असेल तर उत्तरात हे पहिल्यांदा सांगायचं. टायटल शोधा, मूळ कागद.

आता मशीनची किंमत. तुमच्या डोक्यात ८५,००० आहेत. ते विसरा, म्हणजे कर्ज म्हणून विसरू नका, पण या खटल्यात पणाला लागलंय ते ८५,००० नाही, पणाला लागलीय वापरलेल्या मशीनची लिलावातली किंमत. वॉक-इन कूलर भिंतीला ठोकलेला असतो, काढायलाच माणसं लागतात. फ्रायर तीन वर्षं तेलात चाललेला. हूड बसवायला जेवढे पैसे गेले त्यातले काढताना किती परत येणार? जुनं रेस्टॉरंटचं सामान घेणाऱ्या एखाद्याला फोन करून यादी वाचून दाखवा आणि अंदाज घ्या. तो म्हणाला वीस हजार, आणि वकील म्हणाला खटला लढायला पंधरा, तर उत्तर तुम्हाला मी द्यायला नको. उलट तो आकडा हातात घेऊन ट्रस्टीशी तडजोड होते का बघा. ट्रस्टीलाही कोर्टात तासन्‌तास घालवायचे नसतात, तुमची केस कच्ची असली तरी काही टक्क्यांवर मिटवतात, कोर्टाची मंजुरी लागते एवढंच. त्यांची केस पूर्ण पक्की असेल तर कमी देतील, पण शांतपणे विचारायला काय जातंय.

तारण गेलं म्हणजे कर्ज गेलं असं तुम्ही धरलंय, तेही तसं नाही. तारण रद्द झालं की तुमचा हक्क विनातारण होतो, मरत नाही. प्रूफ ऑफ क्लेम म्हणून फॉर्म आहे, नंबर ४१०, तो नोटिशीवरच्या तारखेच्या आत भरायचा, बाकी राहिलेली सगळी रक्कम लिहून, करार आणि हप्त्यांचा हिशेब जोडून. कदाचित डॉलरमागे दहा सेंट मिळतील, कदाचित काहीच नाही, पण फॉर्मच भरला नाही तर मिळायची वाटच बंद. फक्त तो भरायच्या आधी वकिलाला एकदा विचारा, कारण क्लेम भरला की तुम्ही त्या कोर्टाच्या दारात स्वतःहून आलात असं होतं आणि काही मुद्द्यांवर ज्युरी मागायचा हक्क सुटतो. शेवटी पैसे बुडालेच तर टॅक्समध्ये 'नॉन-बिझनेस बॅड डेट' म्हणून दाखवता येतात, शॉर्ट-टर्म कॅपिटल लॉस धरतात, दुसऱ्या कॅपिटल गेनमधून वजा होतो आणि वर पगारातून वर्षाला ३,००० पर्यंत, उरलेलं पुढच्या वर्षी. त्यासाठी ते खरंच कर्ज होतं आणि पूर्ण बुडालं हे दाखवावं लागतं. तुमच्याकडे करार आहे, हप्त्यांच्या नोंदी आहेत, म्हणजे तुम्ही केलेली कागदपत्रं वाया गेली नाहीत.

डिसेंबरचे ३,८०० परत मागतील का ही तुमची भीती. विनातारण घेणेकऱ्याला फाइल करण्याआधीच्या ९० दिवसांत मिळालेले पैसे ट्रस्टी परत मागू शकतो हे खरं, पण धंद्याच्या कर्जात एकूण ८,५७५ डॉलर्सच्या खाली असेल तर नाही. तुमची रक्कम खाली आहे. फक्त त्याने 'हे घरचेच लोक' असा मुद्दा काढला तर ९० दिवसांचं एक वर्ष होतं आणि मग सगळे हप्ते मोजले जातात, म्हणून धंद्यात तुमचा शब्द चालायचा का, निर्णयात तुम्ही होतात का, हे वकिलाला खरं खरं सांगा, कमी-जास्त न करता.

ज्यांनी आत्ता कोणाला असे पैसे दिलेत आणि सगळं छान चाललंय अशा वाचकांनी इथे जरा थांबा, कारण दुरुस्तीची वेळ हीच आहे. समोर कंपनी असेल तर ती ज्या राज्यात स्थापन झाली तिथे नोंद लागते, दुकान एडिसनला आणि एलएलसी डेलावेअरची असेल तर नोंद डेलावेअरला. नाव स्थापनेच्या कागदावरून उतरवायचं, व्हिजिटिंग कार्डावरून नाही, पाटीवरून तर नाहीच. समोर माणूस असेल तर बहुतेक राज्यांत ड्रायव्हिंग लायसन्सवर जसं आहे तसंच, आणि आपल्या मराठी नावांचं इथेच सगळं बिघडतं. पासपोर्टवर आपलं आणि वडिलांचं नाव दोन्ही 'गिव्हन नेम'मध्ये, लायसन्सवर वडिलांचं नाव कधी मधलं, कधी नुसतं आद्याक्षर, कधी पहिल्या नावाला चिकटलेलं, लग्नानंतर बदललेलं मधलं नाव एका कागदावर नवऱ्याचं आणि दुसऱ्यावर बाबांचंच, आणि लक्ष्मीचं स्पेलिंग तर घराघरात वेगळं. इंडियानात २०१७ मध्ये एका माणसाच्या लायसन्सवर मधल्या नावाच्या शेवटी एक 'टी' जास्त होता, लोक त्याला मार्क समजायचे, लायसन्सवर मार्क्ट. ज्या बँकेने मार्क लिहिलं ती मागे पडली. तेव्हा लायसन्स हातात घ्या, फोटो काढा, अक्षर अक्षर जुळवा, आणि नोंद झाल्यावर स्वतः सर्च करून ती दिसते का बघा. नोंद पाच वर्षं टिकते, शेवटच्या सहा महिन्यांत वाढवायची असते, तारीख कॅलेंडरमध्ये घाला. आज चूक सापडली तर आज दुरुस्त करा, दुरुस्तीनंतर काही महिने समोरचा दिवाळखोरीत गेला नाही म्हणजे तुम्ही बरेच सुरक्षित झालात. समोर मैत्रीण असेल तर तिला सांगून करा, चोरून करण्यासारखं त्यात काहीच नाही.

राहिली वैयक्तिक हमी. दिवाळखोरी कंपनीची झालीय, मैत्रिणीच्या नवऱ्याची नाही, त्यामुळे त्याने सही केलेली हमी जिवंत आहे, स्थगिती त्याला वाचवत नाही. तुम्ही उद्या त्याच्यावर दावा लावू शकता. तुम्ही याबद्दल पत्रात काहीच विचारलेलं नाहीत आणि मला वाटतं ते मुद्दाम आहे. तुमचे मिस्टर आणि तुम्ही आधी दोघं बसून बोला, की ८५,००० मधले किती बुडाले तर आपलं घर हलत नाही. घर हलणार असेल तर हमी वापरायला संकोच करू नका, ती त्याने डोळे उघडे ठेवून केली होती. हलत नसेल तर त्याच्याशी नवा, छोटा, झेपेल असा हप्ता बांधून घेता येईल, महिना ३०० सुद्धा चालेल, तोही लिहून. त्याच्यावरही वैयक्तिक दिवाळखोरीची वेळ येऊ शकते, दावा लावून त्याला तिकडे ढकललंत तर हमीचं काही उरणार नाही, हेही डोक्यात ठेवा.

आणि मैत्रिणीला फोन करा. तुमच्या पत्रात आहे की समन्स आल्यापासून तुम्ही तिचा फोन उचलत नाही आहात. तिने तुम्हाला फसवलेलं नाही, नाव तुम्ही टाइप केलंत, तिने बघितलं नाही, दोघींनी रात्री अकरा वाजता लॅपटॉपवर बसून केलं आणि चहा केला, हे तुम्हीच लिहिलंय. ट्रस्टीच्या मीटिंगमध्ये, जिथे खोटं बोलणं सोपं होतं, तिथे तिने तुमचं तारण आहे म्हणून सांगितलं. तिला सांगा की मशीन न्यायला येत नाही आणि का येत नाही. व्हॅनचं टायटल कुठे ठेवलंय तेही तिलाच विचारा, एलएलसीच्या स्थापनेच्या कागदाची कॉपी पण तिच्याकडेच असेल.